टर्बो गाडीचं कूलंट कमी होतंय, पण थेंब कुठेच दिसत नाही: शोध कसा घ्यायचा

गाडीखाली ओल नाही, होज कोरडे, तापमानाचा काटा जागच्या जागी. आणि तरीही कूलंटच्या टाकीतली पातळी हळूहळू खाली चाललेली. वरून ओतलं की काही दिवस बरं, मग पुन्हा तेच. विचारायला गेलं की सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, "थोडं कमी होणारच, टाकत राहा." दुसरं, "हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल." पहिलं उत्तर चुकीचं आहे. दुसरं कधीकधी बरोबर निघतं, पण काहीही न तपासता दिलेलं असेल तर तो नुसता अंदाज, आणि तोही महागडा.

आजच्या गाड्यांमधली कूलंटची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑइल थोडंफार जळतं हे समजू शकतं. कूलंट जळण्यासाठी नसतंच. टोपणातून आणि रबरातून जाणारी वाफ अगदी नगण्य. पातळी काही आठवड्यांत 'मॅक्स'वरून 'मिन'वर आली तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, एवढं नक्की धरा.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे: गळती कुठे आहे ते शोधण्याआधी ती केव्हा होते ते शोधा. इंजिन गार असताना, तापल्यावर, टर्बो जोर लावत असताना, की गाडी बंद केल्यानंतरच्या पंधरा मिनिटांत? वेळ कळली की निम्मी जागा सापडली. नवशिके टॉर्च घेऊन थेट जागा शोधायला लागतात, आणि बरोबर जागी पण चुकीच्या वेळी बघितल्यामुळे त्यांना काहीच दिसत नाही.

टर्बोमुळे काम का अवघड होतं

टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरमधला जळका वायू गोळा करणाऱ्या नळ्यांना) चिकटून बसतो. पेट्रोल इंजिन जोरात चालवताना तिथून जाणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. डिझेलमध्ये त्याहून कमी. टर्बोच्या मधल्या भागात, जिथे बेअरिंग असतात, तिथे तेलाबरोबर बहुतेक पेट्रोल टर्बोंमध्ये कूलंटही फिरतं. बरेच डिझेल टर्बो मात्र फक्त तेलावर थंड होतात. म्हणून पहिल्यांदा मॅन्युअल किंवा पार्ट्सचं चित्र बघून आपल्या टर्बोला कूलंटच्या नळ्या आहेत का, हे ठरवा. नसतील तर टर्बोवरचा संशय तिथेच मिटला.

असतील तर दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. इथली बारीक गळती जमिनीपर्यंत पोचतच नाही, तापलेल्या लोखंडावर तिची लगेच वाफ होते. मागे उरतो तो पांढुरका, गुलाबी किंवा हिरवट वाळका थर. दुसरी गोष्ट अशी की इंजिन बंद केल्यावर वॉटर पंप थांबतो, पण टर्बोतली उष्णता कुठे जात नाही. ती आजूबाजूच्या कूलंटमध्ये उतरते आणि काही मिनिटं तापमान आणि दाब दोन्ही वाढतात. गरम कूलंट आपोआप वर चढावं आणि गार खाली यावं, अशी या नळ्यांची मांडणी केलेली असते. काही गाड्यांत छोटा इलेक्ट्रिक पंपही असतो. गाडी बंद केल्यावर बॉनेटखालून जो बारीक घूंघूं आवाज येत राहतो तो बऱ्याचदा त्याचा. त्यामुळे टर्बोच्या नळीची गळती अनेकदा गाडी लावून, कुलूप घालून चालक पाठ वळवतो तेव्हाच होते.

शिवाय बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा जादा दाब. टर्बो जोर लावतो तेव्हा सिलिंडरमधला दाब बराच वाढतो. हेड गॅसकेटला बारीक वाट मिळालेली असेल तर ती आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) बंद राहते आणि चढावर उघडते. पाण्याने थंड होणारा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) असेल तर तोही संशयितांत येतो, आणि डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा एक्झॉस्टचा वायू गार करणारा भाग). टर्बो नसलेल्या इंजिनापेक्षा ही यादी लांब आहे.

हात लावण्याआधी

इंजिन गरम असताना कूलंटचं टोपण उघडायचं नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात भाजतात, कारण आत काय चाललंय याची कल्पना नसते. निम्मं पाणी आणि निम्मं एथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला १०७ अंशांच्या आसपास उकळतं. १ बार जादा दाबाखाली तेच १३० अंशांच्या जवळपास जातं. म्हणजे ११५ अंशांवर शांत बसलेलं कूलंट टोपण सैल होताच त्याच क्षणी उकळतं आणि अंगावर येतं. रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा; गार आणि मऊ लागेपर्यंत टोपणाला हात नको.

रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, बोटं आणि सैल बाह्या त्यापासून दूर ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही, स्टँड लावूनच. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं जवळ येणार नाहीत असं बघा. बोटावर घेऊन चव बघण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

साहित्य फार लागत नाही. चांगली टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, हातमोजे, मोबाइलचा कॅमेरा. हाताने पंप करायचा कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्टर आणि आपल्या टोपणाला बसणारा अडॅप्टर. तो विकत घ्यायला नको, एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून काही दिवसांसाठी मिळाला तरी चालेल. पुढे लागलाच तर यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) आणि त्याचा दिवा, ज्वलनाचा वायू ओळखणारं ब्लॉक टेस्टर आणि बोरस्कोप (बारीक छिद्रातून आत बघायचा कॅमेरा).

पायरी १: खरंच कमी होतंय का, आणि केव्हा

गाडी रात्रभर एकाच सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी पातळी बघा. गरम असताना कूलंट फुगतं, त्यामुळे संध्याकाळची आणि सकाळची पातळी एकमेकांशी ताडून काही उपयोग नाही. टाकीवर चिकटपट्टी लावून खूण करा, फोटो काढा, किलोमीटर लिहून ठेवा. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा निघताना पातळी एकदोनदा उतरते आणि मग स्थिरावते. ती गळती नव्हे.

आता तीन वेगवेगळ्या परिस्थितींच्या नोंदी घ्या. गाडी एकदोन दिवस हललीच नाही तेव्हा किती उतरली? रोजच्या छोट्या फेऱ्यांत किती? आणि चढाच्या किंवा वेगाच्या लांब प्रवासानंतर किती? उभ्या गाडीत उतरत असेल तर गार असताना गळणारा जोड शोधायचा. छोट्या फेऱ्यांतच जास्त जात असेल तर गार-गरम होण्याच्या चक्रात हलणारे जोड आणि क्लिपा. लांब, जोराच्या प्रवासात जास्त जात असेल तर टोपण, टर्बो, इंटरकूलर आणि शेवटी हेड गॅसकेट.

याच वेळी एक फुकटची चाचणी होऊन जाते, आणि ती फार कमी लोक करतात. आदल्या संध्याकाळी गाडी नीट तापवून, थोडी जोरात चालवून लावा. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन लागायच्या आत, टोपण सावकाश सैल करा. रात्रभर गार झालेल्या यंत्रणेत दाब उरायला नको. उलट हवा आत ओढल्याचा आवाज आला तर ते ठीक आहे. पण 'फुस्स' करून दाब बाहेर आला, तर कूलंटमध्ये बाहेरून वायू शिरतोय. मग सरळ पायरी ६ वर जा, होज आणि क्लिपा नंतर.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या तापमानाच्या पट्ट्यात मधोमध स्थिर राहील असाच बसवलेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) किंवा त्याचं मोबाइल अ‍ॅप खरा आकडा दाखवतं. आणखी एक खूण: इंजिन तापलेलं असताना हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर पातळी धोक्याइतकी खाली गेली आहे. सेन्सरभोवती द्रव उरला नाही तर आकडाही चुकीचा, कधी कमीसुद्धा, दिसू शकतो.

पायरी २: नाक, बोटं आणि खालचं कव्हर

कूलंटला गोडसर वास असतो. तो कुठे आणि कधी येतो ते लिहून ठेवा. गाडी लावल्यावर बॉनेटपाशी येत असेल तर तापलेल्या भागावर काहीतरी टपकतंय. आत बसल्यावर, हीटर लावल्यावर येत असेल आणि पुढची काच आतून तेलकट धुरकटत असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागे हीटरची हवा तापवणारा छोटा रेडिएटर. चालकाशेजारच्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा फोम दाबून बघा. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, पण ते निव्वळ पाणी. बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागत नाही आणि त्याला वास नसतो.

मग इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. थेंब जमिनीवर न दिसण्याचं सगळ्यात साधं कारण हेच कव्हर असतं. त्याला आतून फोम किंवा फेल्टचा थर असेल तर तो बरंचसं कूलंट पिऊन टाकतो. कव्हर काढल्यावर सगळ्यात ओली जागा ती गळतीची जागा असं समजू नका. चालत्या गाडीत वारा थेंबांना मागे ढकलतो आणि वजन खाली ओढतं. म्हणून डागाचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं. आधी सगळा भाग धुऊन कोरडा करून दोनचार दिवसांनी बघितलं तर हे टोक स्पष्ट दिसतं. वर्षांच्या तेल-धुळीच्या चिखलात काही दिसणार नाही.

बघायच्या जागा: रेडिएटरच्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि प्लास्टिकच्या टोकाचा जोड, टाकीची मधली शिवण, थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर, ओ-रिंगवर (रबरी गोल सीलवर) बसणारे पटकन लागणारे कनेक्टर, प्रत्येक होजचं टोक. प्लास्टिकचे भाग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होतात आणि केसाएवढी चीर पडते. ती गार असताना मिटलेली असते. क्लिपांचं उलटं. थंडीत धातू, रबर आणि प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, पहाटे जोड ओलसर होतो आणि इंजिन तापलं की आपोआप बंद होतो. दुपारी बघणाऱ्याला तिथे कधीच काही सापडत नाही.

वॉटर पंपाकडे जरा थांबून बघा. शाफ्टच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गळायला लागलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता या छिद्रातून बाहेर यावं, हे त्याचं काम. तिथे जुना फिकट डाग असणं फारसं गंभीर नाही. पण खाली ओघळलेला ताजा, रंगीत थर दिसला तर पंप बदलायला झाला. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर तो कव्हरमागे लपलेला असतो. कव्हरच्या खालच्या कडेला ओल किंवा थर आहे का बघा. टायमिंग बेल्टवर कूलंट पडत असेल तर ते काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

पायरी ३: प्रेशर टेस्ट

हवा नसलेल्या ट्यूबमध्ये पंक्चर सापडत नाही. गार इंजिनात दाब नसतो, म्हणून गळती झोपलेली असते. प्रेशर टेस्टर हेच सोडवतो: इंजिन गार, हात भाजायची भीती नाही, आणि आत मात्र चालत्या गाडीइतका दाब.

टोपणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, बार, पीएसआय किंवा किलोपास्कलमध्ये. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, म्हणजेच १०० किलोपास्कल. त्या आकड्यापर्यंत पंप करायचं, त्याच्या वर अजिबात नाही. जास्त दाब देऊन गळती लवकर सापडेल असं वाटतं, पण त्यात धडधाकट हीटर कोअर किंवा टाकी फुटते आणि नवं काम मागे लागतं.

दाब देऊन किमान पंधरा-वीस मिनिटं थांबा. या वेळात गाडीभोवती फिरा, ऐका, आरसा घालून बघा. सुरुवातीला होज ताणला जातो त्यामुळे काटा किंचित उतरतो. पुन्हा आकड्यावर आणून मगच मोजायला सुरुवात करा. इंजिन अर्धवट गरम असताना ही चाचणी केली तर निकाल खोटा येतो. द्रव गार होत आकसत असतो, आणि गळती नसतानाही काटा खाली येतो. रात्रभर उभ्या गाडीवर केलेल्या चाचणीचाच निकाल धरायचा.

निकालाचे तीन प्रकार. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली: काम झालं. काटा उतरला पण बाहेर सगळं कोरडं: कूलंट आत कुठेतरी जातंय, सिलिंडरमध्ये, तेलात, इंटरकूलरमध्ये, ईजीआर कूलरमध्ये किंवा डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमध्ये. काटा हललाच नाही: एकतर गळती फक्त गरम असताना किंवा बूस्टखाली होते, किंवा दोष टोपणात आहे. टेस्टर टोपणाच्या जागी बसतो, त्यामुळे टोपणाची परीक्षा या चाचणीत होतच नाही. टोपणाचा वेगळा अडॅप्टर मिळतो. त्यावर ते छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडलं पाहिजे आणि त्याखाली दाब धरून ठेवला पाहिजे. स्प्रिंग कमजोर झालेलं टोपण कमी दाबाला वाफ सोडतं, थेंब पडत नाही आणि पातळी उतरते. टाकीच्या गळ्याभोवती वाळलेला थर दिसला तर सगळ्यात आधी टोपण बदलून बघा. सगळ्या यादीतली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि तीच लोक सगळ्यात शेवटी करतात.

पंधरा मिनिटांत काही नाही झालं तर टेस्टर रात्रभर लावून ठेवा. अगदी सूक्ष्म गळतीला तेवढा वेळ लागतो.

पायरी ४: टर्बोपाशी

इंजिन पूर्ण गार असताना टर्बोवरचा उष्णतारोधक पत्रा काढा. बऱ्याच गाड्यांत त्याचे बोल्ट गंजून मोडायला आलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि घाई करू नका.

कूलंटची नळी टर्बोला बहुधा बँजो बोल्टने जोडलेली असते. हा पोकळ बोल्ट, नळीच्या गोल टोकातून जाणारा, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. वॉशर एकदा दाबला गेला की त्याचा आकार ठरून जातो, दुसऱ्यांदा बसवला तर तो नीट सील करत नाही. टर्बो कधी उतरवून बसवलेला असेल तर इथूनच सुरुवात करा. वॉशरच्या कडेला रंगीत थर असेल तर दोन्ही वॉशर नवे घाला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा. पोकळ बोल्ट जास्त आवळल्यावर तुटतो, आणि तुटलेला तुकडा टर्बोच्या आतून काढणं हे या सगळ्यापेक्षा मोठं दुखणं आहे.

नळी सरळ हाताने चाचपून बघा. धातूची नळी जिथे ब्रॅकेटला धरलेली असते तिथे थरथरीने चीर जाते. दुसरं टोक ब्लॉकमध्ये ओ-रिंगवर बसत असेल तर ती उष्णतेने कडक होऊन चपटी झालेली सापडते. टर्बोचं घरच तडकणं हे दुर्मिळ; नळ्या, वॉशर आणि ओ-रिंग तपासून झाल्याशिवाय टर्बोवर आळ घेऊ नका.

यानंतर गरम असतानाचं निरीक्षण. गाडी वीसेक मिनिटं नीट चालवून आणा, लावा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. हात न लावता, टॉर्च तिरकी धरून पंधरा मिनिटं नुसतं बघत राहा. वाफेचा बारीक धागा, चुर्रर्र असा आवाज, वास. कागद किंवा कापड लावून ओल टिपण्याची युक्ती दुसरीकडे ठीक, तापलेल्या टर्बोपाशी ती आग लावू शकते. कंटाळवाणं काम आहे खरं. पण टर्बोच्या नळीची गळती पकडायला यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही.

पायरी ५: यूव्ही डाय

वरचं सगळं करूनही जागा मिळाली नाही तरच डाय. कूलंटसाठीचाच डाय घ्या. तेलासाठीचा वेगळा असतो. घालण्याआधी यूव्ही दिव्याने टाकीत एकदा बघा, कारण काही कूलंट मुळातच चमकतात आणि मग डाय घालायची गरज उरत नाही. ओतताना सांडलं तर लगेच धुवा, नाहीतर नंतर तोच डाग गळती म्हणून सापडेल. काही दिवस गाडी नेहमीसारखी वापरा, मग अंधारात, पिवळा चष्मा लावून बघा. टर्बोच्या अगदी तापलेल्या भागावर डाय जळून जाऊ शकतो, म्हणून तिथे चमक नसणं हा निर्दोष असल्याचा पुरावा धरू नका.

पायरी ६: बाहेर कोरडं, आत जातंय

इथे घाई सगळ्यात महाग पडते, म्हणून थोडं सविस्तर.

आधी सोप्या खुणा. गार सकाळी सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ काही मिनिटांत थांबते. ती साधी ओल. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर, गोडसर वासाचा आणि हवेत रेंगाळणारा, हे कूलंट जळत असल्याचं लक्षण. गाडी सुरू केल्यावर पहिली काही सेकंद एक सिलिंडर मिस होणं (नीट पेट न घेणं) आणि मग सगळं सुरळीत होणं, ही रात्री त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपल्याची खूण असू शकते. तेलाच्या टोपणाखाली दुधट थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका, छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत थंडीत तो ओलाव्यानेही बनतो. डिपस्टिकवरचं तेलच दुधट असेल किंवा तेलाची पातळी वाढली असेल तर मात्र गाडी तिथेच थांबवा. असं तेल इंजिनाच्या आणि टर्बोच्या बेअरिंगची वाट लावतं. शंका असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. त्यात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं असेल तर कूलंट तेलात उतरतंय.

ब्लॉक टेस्टरमध्ये निळा द्रव असतो. टाकीवरची हवा त्यातून ओढायची. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो, डिझेलमध्ये हिरवटही. कूलंटची पातळी आधी थोडी कमी करून घ्या, टेस्टरमध्ये कूलंट ओढलं गेलं तर चाचणी वाया. टर्बो गाडीत आयडलवर केलेली ही चाचणी अर्धवट असते. चढावर किंवा जोरात चालवून आणा, वरचा होज गार आणि मऊ लागेपर्यंत थांबून मग टोपण उघडून तपासा, आणि निकाल नकारार्थी आला तरी आणखी एकदोनदा करा.

पिवळा रंग आला म्हणजे हेड गॅसकेटच, असंही नाही. डिझेलमध्ये ईजीआर कूलर आतून फुटला असेल तर एक्झॉस्टचा वायू त्याच वाटेने कूलंटमध्ये येतो आणि द्रव तितकाच पिवळा होतो. हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर काढून त्याची स्वतंत्र प्रेशर टेस्ट करून घ्या. उलट बाजूने पाण्याचा इंटरकूलर फसवतो. बूस्ट असताना त्याच्या चिरेतून हवा कूलंटमध्ये जाते, टाकीत बुडबुडे येतात, होज दगडासारखे होतात, सगळी लक्षणं हेड गॅसकेटची. पण ती साधी हवा, त्यामुळे ब्लॉक टेस्टरचा रंग बदलत नाही. बूस्ट नसताना त्याच चिरेतून कूलंट इंजिनाकडे जातं. बुडबुडे आहेत आणि रंग निळाच आहे, तर इंटरकूलरचे हवेचे पाइप सोडून आत ओल आहे का बघा. काही गाड्यांत इंटरकूलरचं सर्किट वेगळं आणि टाकीही वेगळी असते. कोणती टाकी उतरतेय एवढ्यावरूनच उत्तर मिळून जातं.

ऑइल कूलरची गळती वेळेनुसार दिशा बदलते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल कूलंटमध्ये येतं आणि टाकीत काळपट चिकट साय दिसते. इंजिन बंद झालं की तेलाचा दाब शून्य, कूलंटचा तसाच, मग कूलंट तेलात जातं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरमध्ये असेल तर गिअरच्या तेलाचा रंगही बघा.

सिलिंडरवर संशय असेल तर प्रेशर टेस्टर रात्रभर लावून ठेवा आणि सकाळी स्पार्क प्लग काढून बोरस्कोपने प्रत्येक पिस्टन बघा. ओला पिस्टन, किंवा बाकीच्यांवर काजळी असताना एकच धुतल्यासारखा स्वच्छ, तोच दोषी. सिलिंडरमध्ये कूलंट असल्याची शंका असताना प्लग न काढता स्टार्टर मारू नका, द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शेवटची खात्री लीक-डाउन चाचणीने: पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या छिद्रातून दाबाची हवा सोडायची आणि टाकीत बुडबुडे येतात का बघायचं. आले, तर मात्र हेड उतरवण्याला पर्याय नाही.

गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि द्रवांबद्दल

टर्बो गाडीत घालू नका. टर्बोच्या कूलंटच्या नळ्या आणि हीटर कोअरचे मार्ग अरुंद असतात. जे चीर बुजवतं ते हे मार्गही बुजवतं. वाटेत अडकला असाल आणि दुसरा इलाजच नसेल तर गोष्ट वेगळी, पण मग पुढे सगळी यंत्रणा धुवावी लागणार हे धरून चाला.

दुरुस्तीनंतर

कूलंट कंपनीने सांगितलेल्या प्रकाराचंच भरा. रंग बघून जुळवू नका, कारण रंगाचं कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही आणि न जुळणारी दोन कूलंटं एकत्र केली तर गाळ होऊ शकतो. तयार मिश्रण नसेल तर डिमिनरलाइज्ड पाणी वापरा. हवा काढायचे स्क्रू असतील ते उघडून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, सावकाश भरा. इलेक्ट्रिक पंप असलेल्या काही गाड्यांत हवा काढण्याचा कार्यक्रम स्कॅनरने सुरू करावा लागतो. तो वगळला तर टर्बोपाशी हवेचा फुगा अडकून राहतो.

टोपण लावण्याआधी तीच प्रेशर टेस्ट पुन्हा करा, तितकाच वेळ. मग टाकीवर नवी खूण करा आणि पायरी १ मधल्या तिन्ही नोंदी पुन्हा घ्या: उभी गाडी, छोट्या फेऱ्या, जोराचा प्रवास. पहिल्या एकदोन गार-गरम चक्रांत पातळी किंचित उतरली तर भरून घ्या. त्यानंतरही उतरत राहिली तर दुसरी गळती आहे. पहिली बंद झाल्यावर यंत्रणेत पूर्ण दाब तयार व्हायला लागतो, आणि मग दुसरा कमकुवत जोड पुढे येतो. प्लास्टिकचे भाग जुने झालेल्या गाड्यांत हे नेहमीचं आहे. तोवर टाकी रोज सकाळी बघा आणि कूलंटचा एक कॅन डिकीत असू द्या. वाटेत तापमान चढलंच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, आणि ते गार होईपर्यंत त्यात काहीही ओतू नका.